मुलीची शाळेतली कंपनी

प्रश्न : आम्ही न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडला राहतो. अकरावीतल्या मुलीने ‘व्हर्च्युअल एंटरप्राइझ’ हा विषय घेतलाय. वर्गातच कंपनी, पैसा खोटा, मालही खोटा! त्यापेक्षा गणिताचा जास्तीचा विषय घ्यावा, असं मला वाटतं. काय करू?
– एक आई

उत्तर : ताई, घेऊ द्या तिला. न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळेत मी हा वर्ग बरीच वर्षं घेतला, म्हणून आग्रहाने सांगते. हा उपक्रम तिथे १९९६ मध्ये सुरू झाला. मूळ कल्पना युरोपातल्या सराव-कंपन्यांची. माल खोटा असतो, काम मात्र खरं. मुलं बायोडेटा लिहून, मुलाखत देऊन हिशेब, विक्री, मनुष्यबळ अशा खात्यांत नोकरी मिळवतात. दुसऱ्या शाळांच्या कंपन्यांशी देवघेव चालते, बिलं जातात, पगारातून करही कापला जातो.

माझ्याकडे हिशेब खात्यात एक मुलगी होती, वर्गात कधी तोंड उघडत नसे. एका कंपनीने आमचं बिल दोन महिने थकवलं. तगाद्याचं पत्र मी लिहून द्यावं, असं तिला वाटत होतं. मी दिलं नाही. तिने तीनदा खाडाखोड करून स्वतः लिहिलं, मग फोनही केला. पैसे जमा झाले त्या दिवशीचा तिचा चेहरा मला अजून आठवतो.

गणिताची काळजी रास्त आहे. मुलीला कंपनीचा ताळेबंद समजावून सांगायला लावा. आणि शाळेत एक जरूर विचारा : निर्णय मुलं घेतात की शिक्षक? शिक्षकच घेत असतील, तर मात्र गणित बरं.