ईआरए सोड, वॉक मोज

अगं, तुझा मेसेज सकाळी वाचला आणि दिवसभर डोक्यात घोळत राहिला, म्हणून फोन न करता लिहूनच पाठवतोय. "काका, या नव्या पिचरचा ईआरए पाचच्या वर आहे, आपल्या बेसबॉल टीमने घेतलाच कशाला, रिपोर्टमध्ये काय लिहू?" स्टॅटिस्टिक्समध्ये मास्टर्स करतेस आणि पहिला प्रश्न ईआरएचा, म्हणजे नऊ इनिंगमागे पिचरच्या नावावर लागणाऱ्या रनांचा? अख्ख्या मेसेजमध्ये वॉकचा, म्हणजे चार बॉल बाहेर टाकून बॅटरला फुकट दिलेल्या बेसचा, उल्लेख नाही! राग आला, खरं सांगतो. पण बरंही वाटलं, कारण कोचला आवडेल ते लिहून मोकळी झाली नाहीस.

आधी पोरगा कुठून येतोय ते बघ. वेस्ट टेक्ससची ज्युको (दोन वर्षांच्या कॉलेजांची) कॉन्फरन्स म्हणजे मिडलंड, ओडेसा, पलीकडे न्यू मेक्सिकोतलं हॉब्ज. साधारण 2,800 ते 3,600 फूट उंची, कोरडी विरळ हवा, आणि वारा आउटफिल्डकडे सुटला की साधा फ्लायबॉलसुद्धा कुंपणापार. तिथला पाचचा ईआरए आणि इथला, ह्यूस्टनकडचा पाचचा ईआरए एक कसा धरतेस? त्यात शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फिल्डरला) गाठता न आलेला बॉल, रिलीव्हरने, म्हणजे नंतर आलेल्या पिचरने, घरी येऊ दिलेले याचे रनर, सगळं याच्याच नावावर. 2001 मध्ये व्होरोस मॅक्रॅकन या बेसबॉलच्या आकडेतज्ज्ञाने हेच मांडलं होतं, की बॅटला लागून मैदानात पडलेल्या बॉलचं पुढे काय होतं त्यावर पिचरचा ताबा फार कमी असतो. पुढे एफआयपी आला, फिल्डरांचा भाग वगळून पिचर मोजणारा आकडा: होमरनला 13, वॉक आणि हिट-बाय-पिचला (बॅटरला लागलेल्या बॉलला) 3, स्ट्राइकआउटला (तीन स्ट्राइकवर बाद) उणे 2, हे तुला पाठ असेल. पण वाऱ्याने होमरनचा आकडाही बिघडतो, आणि ज्युकोत आठव्या-नवव्या नंबरचा बॅटर कशावरही बॅट फिरवतो म्हणून स्ट्राइकआउट फुगतात. उरला वॉक. चार बॉल बाहेर टाकले ते त्याने टाकले, वाऱ्याने नाही.

आता तू म्हणशील, असे बॅटर असतील तर वॉकही कमीच दिसणार. बरोबर! म्हणून नुसता आकडा उतरवून थांबू नकोस, व्हिडिओ लाव. पहिला बॉल किती वेळा स्ट्राइक पडतो ते मोज, मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगमध्ये, हे 60 टक्क्यांच्या आसपास असतं. मग 2-0 (दोन बॉल बाहेर, स्ट्राइक एकही नाही) आणि 3-1 चे काउंट काढ आणि पिचरकडे नको, कॅचरच्या ग्लोव्हकडे बघ. बाहेरच्या कडेला, गुडघ्याच्या उंचीवर धरलेला ग्लोव्ह जागच्या जागी मिटतो, की कॅचरला आडवं व्हावं लागतं? 2-0 ला चेंजअप (मुद्दाम हळू टाकलेला बॉल) स्ट्राइकमध्ये टाकायची तयारी आहे, की मधोमध फास्टबॉल ढकलतो आणि वाचला तर वाचला? लाइनअप, म्हणजे बॅटरांची अख्खी रांग, तिसऱ्यांदा समोर आल्यावर काय करतो तेही बघ, कारण ज्युकोत डबलहेडरच्या (एकाच दिवशीच्या दोन) मॅच बऱ्याचदा 7 इनिंगच्या असतात आणि ती वेळच कमी येते.

अजून एक. 3,000 फुटांवर हवा आठ-नऊ टक्क्यांनी पातळ, त्यामुळे कर्व्ह, म्हणजे स्पिन देऊन वळवलेला बॉल, कमी वळतो. तोच हात, तोच स्पिन, पण इथे खाली आल्यावर बॉल जास्त वळणार आणि जुन्या सवयीने नेम धरला तर प्लेटपुढे मातीत जाणार. म्हणजे फॉलमध्ये, शरद ऋतूतल्या सरावात, त्याचे वॉक वाढू शकतात. तेव्हा लगेच बुलपेनात (राखीव पिचरांत) टाका असं लिहू नकोस, कर्व्ह आणि फास्टबॉल दोन्हींचा हिशेब वेगळा ठेव. फास्टबॉलच बाहेर जायला लागला तर मग काळजी कर.

रडार गनवाले तुला ताशी 95 मैल वेग दाखवतील. मी आधी जिथे होतो तिथे असाच एक ज्युकोचा पोरगा आला, 95-96 सहज, सगळे खूश, मी एकटा म्हणत होतो की याला स्टार्टर (मॅच सुरू करणारा पिचर) करू नका, वॉक बघा. हट्टी म्हणाले मला. मार्च उजाडेपर्यंत तो तिसऱ्या इनिंगमध्येच माउंडवरून खाली यायला लागला, मग खेळायलाच मिळेना, दोनच सीझन उरले होते त्याचे, ते बाकावर गेले. घराजवळच्या छोट्या कॉलेजात दर आठवड्याला पिच केलं असतं गं त्याने. अजून सलतं ते. पण माझा हट्ट योग्य होता, आज तीच मीटिंग झाली तर तेच बोलेन आणि जास्त जोरात बोलेन. आझाद मैदानावर आमचे क्रिकेटचे सर गुड लेंथवर रुमाल टाकायचे, आधी यावर टप्पा पाड, वेगाचं नंतर बघू. तेव्हापासून माझं मत बदललेलं नाही आणि बदलावं असं काही दिसलंही नाही.

आणि ते "ज्युकोचाच आहे" हे वाक्य रिपोर्टमधून काढून टाक. मेजर लीगचे मोठे पिचर रॉजर क्लेमेन्स आणि अँडी पेटिट दोघंही इथल्याच सॅन जॅसिंटो कॉलेजचे, आणि मोठा बॅटर अल्बर्ट पुहोल्स कॅन्सस सिटीच्या मेपल वुड्स कम्युनिटी कॉलेजातून 1999 च्या मेजर लीग ड्राफ्टमध्ये (खेळाडू निवडताना) तेराव्या राउंडमध्ये गेला होता. दोन वर्षांचं कॉलेज म्हणून पोरगा दुय्यम होत नाही.

रविवार रात्रीपर्यंत तीन मॅचचा तक्ता पाठव. पहिला कॉलम वॉक, मग पहिल्या बॉलचे स्ट्राइक, मग 2-0 आणि 3-1 ला काय टाकलं ते, वेग सगळ्यात शेवटी. कोच म्हणाले ईआरए वर घे, तर माझं नाव सांग, मी बोलतो त्यांच्याशी.