नळाच्या पाण्यातले शिसे : अमेरिकेतल्या वाचकांचे प्रश्न

प्रश्न : फ्लिंटमध्ये नदीचे पाणीच विषारी होते का?

नाही. शिसे आले ते रस्त्याखालच्या आणि घरांतल्या पाइपांतून. मिशिगनमधल्या या शहरात निम्म्याहून अधिक वस्ती कृष्णवर्णीयांची, आणि तेव्हा तिथला कारभार राज्याने नेमलेल्या प्रशासकाकडे होता. एप्रिल 2014 मध्ये खर्च वाचवायला डेट्रॉइटचे पाणी बंद करून फ्लिंट नदीचे सुरू केले. डेट्रॉइटच्या पाण्यात फॉस्फेट घातलेले असे. त्यामुळे पाइपाला आतून खनिजांचा पातळ थर धरतो आणि शिसे पाण्यात उतरत नाही. नदीच्या पाण्यात क्लोराइड बरेच जास्त, वर फॉस्फेट घातलेच नाही. थर सुटला. ऑक्टोबर 2014 मध्ये जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने सुटे भाग गंजतात म्हणून हे पाणी घेणे थांबवले. रहिवाशांना मात्र ते आणखी वर्षभर प्यावे लागले.

प्रश्न : हा गरिबीचा प्रश्न आहे. त्यात वंश कशाला?

गरिबी आहेच, पण तेवढ्याने हिशेब जुळत नाही. युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट या ख्रिस्ती पंथाच्या 1987 च्या अहवालाने घातक कचऱ्याच्या जागा तपासल्या, तेव्हा उत्पन्नापेक्षा वंशाशी त्यांचा संबंध अधिक घट्ट निघाला. फ्लिंटबाबत मिशिगनच्या नागरी हक्क आयोगानेही 2017 मध्ये व्यवस्थेत मुरलेल्या वंशभेदाकडेच बोट दाखवले.

प्रश्न : जुन्या घरात भाड्याने राहतो. पाइप शिशाचा आहे का, हे कसे ओळखू?

तळघरात बाहेरचा पाइप भिंतीतून मीटरकडे येतो, तिथे नाण्याच्या कडेने हलके खरवडा. आत रुपेरी चकाकी, धातू मऊ आणि लोहचुंबक चिकटत नाही, तर शिसे. तांबूस दिसले तर तांबे. चुंबक चिकटला तर लोखंड. पण पूर्वी त्याच्या मागे शिशाचा पाइप असेल तर गंजात शिसे साठलेले असते. नवे शिशाचे पाइप देशभर 1986 मध्ये बंद झाले. शिकागोत तोवर नियमानेच शिसे वापरावे लागे!

चाचणीसाठी किमान 6 तास घरातला कुठलाच नळ उघडू नका. मग पहिला आणि पाचवा लिटर वेगळा भरा : पहिल्यात नळाजवळचे पाणी असते, पाचव्यात साधारणपणे बाहेरच्या पाइपातले. आदल्या रात्री नळ मोकळा सोडायला किंवा तोंडाची जाळी काढायला कोणी सांगितले तर ऐकू नका. त्याने आकडा खाली येतो, शिसे नाही.

प्रश्न : पाणी उकळून प्यायले तर?

उपयोग नाही. वाफ जाते, शिसे उरते, उलट दाट होते. एनएसएफ/एएनएसआय 53 मानकाचा फिल्टर घ्या, आणि तो काय काय गाळतो त्या यादीत शिशाचा उल्लेख आहे ना ते पाहा. फक्त 42 लिहिलेला बहुधा चव आणि क्लोरीनपुरता असतो. फिल्टरमधून गरम पाणी सोडू नका.

प्रश्न : पालिकेने पाइप बदलला, पण आमच्या हद्दीपर्यंतच. आता निर्धास्त?

उलट जास्त सावध राहा. कापताना आतला थर हलतो, आणि जुन्या शिशाला नवे तांबे जोडले की सांध्याशी शिसे आणखी वेगाने झिजते. पाण्यातले शिसे काही आठवडे, कधी महिने वाढलेले राहते. काम झाल्यावर सर्व जाळ्या काढा, खालच्या मजल्यापासून वर थंड पाण्याचे सगळे नळ पूर्ण उघडून अर्धा तास वाहू द्या, जाळ्या धुऊन बसवा. पुढे 6 महिने फिल्टरच.

आमच्या मते खरा अन्याय इथेच आहे. उरलेल्या तुकड्याचा खर्च मालकाच्या माथी मारला की पैसेवाला पूर्ण पाइप बदलतो, भाडेकरू बघत राहतो. वॉशिंग्टन डीसीत पूर्ण बदल कमी उत्पन्नाच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत कमी झाले. न्यू जर्सीतल्या न्यूअर्क शहराने 2019 पासून फुकट आणि मालकाच्या संमतीवाचून बदल करता येईल असा नियम केला, आणि सुमारे तीन वर्षांत 23,000 च्या आसपास पाइप काढले.

प्रश्न : मुलीच्या बोटाच्या रक्तचाचणीत शिसे 4 आले. घाबरावे का?

सीडीसी या अमेरिकी सरकारी आरोग्य संस्थेची संदर्भ मर्यादा 3.5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर आहे. बोटावरच्या धुळीने आकडा फुगतो, म्हणून आधी शिरेतून रक्त घेऊन खात्री करा. शिसे शरीरातून काढणारी औषधे साधारण 45 च्या पुढे देतात. इथे उगम शोधणे हाच उपचार. 1978 पूर्वीचा रंग (त्यात शिसे असू शकते), विशेषतः घासणाऱ्या खिडक्या, ओल्या फडक्याने पुसा. कोरडे झाडू नका. आणि आपल्या घरांसाठी खास : सुटे कुंकू आणि गावाहून आणलेली हळदही तपासून घ्या. दोन्हींत शिसे सापडलेले आहे.