उपयोजित कलेची पदवी घ्यावी का?

नुसतं फोटोशॉप-इलस्ट्रेटर शिकायला चार वर्षांच्या बीएफएला, म्हणजे उपयोजित कलेच्या (जाहिरात, पोस्टर अशा कामांच्या) पदवीला, जाऊ नकोस. ते काही महिन्यांच्या क्लासमध्येही येतं. पदवीत खरी किंमत आहे ती टायपोग्राफीची (अक्षरांच्या मांडणीची), रेखाटनाची आणि कामाची चिरफाड करणाऱ्या शिक्षकांची.

आधी एक ए३ पोस्टर मराठीत कर, चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा छपाई) सोड आणि छापून आण. देवनागरीत ओळींमधलं अंतर इंग्रजीइतकंच ठेवलं की वरचे उकार खालच्या वेलांट्यांवर आदळतात. अक्षराच्या आकाराच्या दीडपटीपासून सुरुवात कर. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा कागदावर मळकट येईल, कारण तो सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, बसतच नाही. पाचव्या दुरुस्तीलाही कंटाळा आला नाही, तर अर्ज भर.

एएसी सीईटीत, म्हणजे महाराष्ट्रातल्या कला पदवीच्या प्रवेश परीक्षेत, स्मरणचित्र, वस्तुचित्र, संकल्पचित्र हातानेच काढावं लागतं, तेव्हा पेन्सिल आत्ताच धर. एनआयडीची (राष्ट्रीय डिझाइन संस्थेची) आणि यूसीड ही आयआयटीतल्या डिझाइन पदवीची परीक्षा वेगळी.

खासगी कॉलेजची फी कर्ज काढून भरणार असशील, तर आधी तिथलं शेवटच्या वर्षाचं प्रदर्शन बघून ये (माहितीपत्रक सगळ्यांचंच देखणं असतं!). सगळी कामं एकाच साच्यातली दिसली, तर दुसरं कॉलेज शोध.