रजिस्टरचं अनुकरण होतं का?

प्रश्न असा आहे: एका तांत्रिक टिपणाचा अनुवाद करताना एक वाक्य अडलं. कच्चा मसुदा असा झाला: ‘कर्नल वापरकर्ता-अवकाशातील कार्यक्रमांसाठी कालमापक नोंदवहीचे अनुकरण करतो.’ (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा.) यात ‘एम्युलेट’साठी, म्हणजे एका गोष्टीचं काम तिच्या जागी दुसरीने करण्यासाठी, ‘अनुकरण’ चालेल का?

चालेल म्हणणारेही भेटतील, पण माझ्या कानाला ते खटकतं. त्याआधी ती ‘नोंदवही’ काढा. प्रोसेसरमधलं रजिस्टर म्हणजे एक आकडा मावेल एवढी जागा. नवा आकडा आला की जुना गेला, मागचं काहीच उरत नाही. वहीचं काम नेमकं उलटं असतं. ‘रजिस्टर’च राहू द्या. ‘अवकाश’ वाचून लोकांना उपग्रह आठवतील. ‘युजर-स्पेसमधले प्रोग्रॅम’ (कर्नलबाहेर चालणारे नेहमीचे प्रोग्रॅम) म्हटलं की ज्याला कळायचं त्याला कळतं.

आता ‘एम्युलेट’. शब्द निवडण्याआधी तिथे घडतं काय ते पाहू. ६४-बिट एआरएम प्रोसेसरमध्ये टायमरच्या एका रजिस्टरमधला आकडा ठरावीक वेगाने सतत वाढत असतो. प्रोग्रॅमला तो एका सूचनेत (इन्स्ट्रक्शनमध्ये) थेट वाचता येतो. पण कर्नलने प्रोसेसरच्या सेटिंगमधला एक बिट बदलला की ही वाट बंद. मग प्रोग्रॅम वाचायला गेला की प्रोसेसर त्याला जागीच थांबवतो आणि ताबा कर्नलकडे देतो. आकडा कोणत्या रजिस्टरमध्ये हवा होता हे कर्नल प्रोसेसरने त्या सूचनेबद्दल दिलेल्या माहितीवरून ओळखतो, तिथे तो भरतो, प्रोग्रॅमला ४ बाइट पुढे, म्हणजे ती एक सूचना ओलांडून, ठेवतो आणि सोडून देतो. मध्ये कोणी आलं होतं याचा प्रोग्रॅमला पत्ताही नसतो.

यात ‘अनुकरण’ कुठे आहे? अनुकरण थोरांचं करतात. ज्याचं करायचं तो पुढे असतो, आपण मागून जातो आणि आपण आपणच राहतो. ‘अनु’मध्येच ते मागून जाणं आलं. ‘नक्कल’ जरा जवळची, पण नक्कल बघणाऱ्याला ती नक्कल आहे हे ठाऊक असतं, गंमत त्यातच असते. (हा अर्थ खरं तर सिम्युलेशनला शोभतो. सिम्युलेटरमध्ये बसलेल्या वैमानिकाला आपण जमिनीवर आहोत हे माहीत असतं.) ‘बतावणी’ आणि ‘तोतया’मध्ये लबाडीचा वास आहे, आणि इथे कोणी लबाडी करत नाही.

‘नक्कल’ बाद करायला आणखी एक कारण आहे, आणि मला तेच सगळ्यात पटतं. कॉर्टेक्स-ए७३ या एआरएम प्रोसेसरमध्ये एक दोष आहे. मोजणीचे खालचे ३२ बिट भरून पुन्हा शून्यावर येतात, नेमक्या त्या क्षणी वाचलं तर चुकीचा आकडा हाती येऊ शकतो. म्हणून लिनक्सचा कर्नल त्या प्रोसेसरवर प्रोग्रॅमची थेट वाट बंद करतो आणि स्वतः ते रजिस्टर लागोपाठ दोनदा वाचतो. दोन्ही वाचनांत ३२ क्रमांकाचा बिट (क्रमांक शून्यापासून, म्हणजे वरच्या भागातला पहिला) वेगळा निघाला तर पहिला आकडा धरतो, नाहीतर दुसरा. म्हणजे कर्नलचं उत्तर खुद्द रजिस्टरपेक्षा भरवशाचं! अस्सलापेक्षा बरोबर असलेल्या गोष्टीला नक्कल कसं म्हणायचं?

माझं मत ‘वठवणे’ला. भूमिका वठवतात, सोंग वठवतात. ‘वठणे’ हे क्रियापद आहेही मजेदार. झाड वठलं म्हणजे वाळलं, पण चेक वठला म्हणजे पैसे मिळाले. चेकवर कितीही सुबक सही असो, पलीकडून पैसे हाती पडेपर्यंत तो वठलेला नसतो. सोंगाचंही तसंच, ते वठलं की नाही हे समोरचा ठरवतो. एम्युलेशनची कसोटी हीच: प्रोग्रॅमने आकडा घेतला आणि बिनबोभाट पुढे गेला तर रजिस्टर वठलं.

‘सगळी सोंगं आणता येतात, पण पैशाचं सोंग आणता येत नाही’ असं आपण म्हणतो. वेळेचं आणता येतं, पण त्यालाही वेळ लागतो. थेट वाचनाच्या मानाने कर्नलपर्यंतचा हेलपाटा कितीतरी पट महाग पडतो. जो प्रोग्रॅम अगदी छोटी कामं मोजायला हेच रजिस्टर वारंवार वाचतो, त्याच्या मोजमापात हा हेलपाटाही मिसळतो.

एक सावधगिरी. वाट बंद केली म्हणजे एम्युलेट केलं असं नव्हे. एक्स८६वर (इंटेल-एएमडीचे प्रोसेसर) प्रोग्रॅमला टाइम-स्टॅम्प काउंटर, म्हणजे तिथला असाच वाढता आकडा, वाचायची बंदी घालता येते, पण तिथे लिनक्स स्वतः उत्तर देत बसत नाही, प्रोग्रॅमला सिगसेगव्ह सिग्नल (एरवी ज्याने प्रोग्रॅम बंद पडतो तो इशारा) पाठवतो. ‘आरआर’ हा डीबगर (प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं साधन) याच सोयीचा फायदा घेतो. पहिल्या वेळी मिळालेला आकडा तो नोंदवून ठेवतो आणि पुन्हा चालवताना तोच हातावर ठेवतो. तिथे रजिस्टर वठवणारा डीबगर, कर्नल नव्हे. रिस्क-व्ही या प्रकारच्या प्रोसेसरच्या बऱ्याच बोर्डांवर हे काम कर्नलच्याही खालचं फर्मवेअर (यंत्र सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) करतं. तेव्हा वाक्यातला कर्ता मूळ मजकुराशी ताडून पाहा.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘युजर-स्पेसमधल्या प्रोग्रॅमने टायमरचं रजिस्टर वाचायला घेतलं की कर्नल त्याला अडवतो आणि रजिस्टरच्या वतीने स्वतः आकडा देतो.’ लांबलं खरं, पण पहिल्यांदा एवढं सांगितलं की पुढे नुसतं ‘कर्नल हे रजिस्टर वठवतो’ पुरेल. नामाची गरज पडली तर ‘एम्युलेशन’च ठेवा. ‘वठवणूक’ असा शब्द मी करून पाहिला, तो काही वठला नाही.