गाडीत वेगळं नेव्हिगेशन घ्यावं की मोबाइल पुरे? रोजच्या आणि सुट्टीतल्या प्रवासाला कोणतं बरं?

तुम्ही लिहिलंय: राहायला म्हापसा, कामाला पणजी, वर्षातून दोनतीनदा कुटुंब घेऊन कोल्हापूर-पुणे नाहीतर कर्नाटकात कुठंतरी. गाडीत साधा रेडिओ आहे. तर वेगळं नेव्हिगेशनचं यंत्र घ्यावं, स्क्रीनवाला स्टिरिओ बसवावा, की मोबाइल स्टँडला लावून भागवावं? बहुतेक लोक तुम्हाला म्हणणार, "मोबाइल आहे ना, मग पैसे कशाला घालवता?" हेच वाक्य माझे धाकटे दीर दर चवथीला पुण्याहून येऊन मला ऐकवतात, म्हणून एवढं लांब लिहायला बसले आहे.

रोजच्या प्रवासाचं आधी उरकते. म्हापसा-पणजी रस्त्यावर नेव्हिगेशन लागत असेल तर पुढं किती तुंबलंय हे बघण्यापुरतं, आणि ते मोबाइलच सांगू शकतो. पर्वरीला उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यापासून वाहतूक आज इकडून तर उद्या तिकडून. डब्यातल्या, म्हणजे वेगळ्या नेव्हिगेशन यंत्रातल्या, नकाशाला त्याचा पत्ताही नसतो. मांडवीवर मात्र कुठल्याच यंत्राचं ऐकू नका. अटल सेतू जुन्या दोन पुलांच्या मधून, त्यांच्यापेक्षा उंचावरून जातो. तुम्ही नकाशावर कुठं आहात ते जीपीएसला बरं कळतं, पण वरच्या पुलावर आहात की खालच्या, यात ते गडबडतं. तिथं कुठं चढायचं, कुठं उतरायचं ते पाटी बघून ठरवा. झालं तुमचं रोजचं.

खरी गोष्ट घाट ओलांडल्यावरची.

माझं माहेर केरी. सत्तरीतलं, अंजुणे धरणाजवळचं, जिथून चोर्ला घाट चढायला लागतो ते. गोव्यात केरी तीन आहेत: आमचं, पेडण्यात तेरेखोलच्या मुखाशी असलेलं किनाऱ्यावरचं, आणि फोंडा तालुक्यातलं. नाव टाकायचं, यादीत जे पहिलं येईल ते दाबायचं आणि निघायचं, अशा सवयीचे पर्यटक भाड्याची काळ्या पाटीची गाडी घेऊन आमच्या अंगणात येतात आणि "बीच किधर है?" विचारतात. एकदा आईनं एका जोडप्याला पाणी, गूळ दिला आणि धरण दाखवून परत पाठवलं. पाणी बघायचंच होतं त्यांना, तिचं म्हणणं. तेव्हा कुठलंही यंत्र घ्या, निघण्याआधी तालुका बघा आणि रेघ समुद्राकडे जाते की डोंगराकडे ते बघा. विमानतळाचंही तसंच. 2023 च्या जानेवारीपासून मोपाला विमानं उतरतात, दाबोळीलाही उतरतात. नुसतं 'गोवा एअरपोर्ट' टाकून पाहुण्यांना आणायला गेलात तर पाहुणे एका टोकाला आणि तुम्ही दुसऱ्या.

आता भावजींची गोष्ट. त्या वर्षी विसर्जन झालं आणि त्यांच्या परतीच्या दिवशी आम्हीही कोल्हापूरला अंबाबाईला जायचं ठरवलं. दोन गाड्या. साखळीहून केरी, चोर्ला, जांबोटी, बेळगाव आणि मग हायवे. आमच्या गाडीत स्टिअरिंग माझ्याकडे असतं, कारण माझ्या नवऱ्याला घाटात गरगरतं. काचेला माझा डबा लावलेला. बरेच दिवस न वापरलेलं यंत्र पहिल्यांदा उपग्रह शोधायला वेळ घेतं, तसा त्यानं घेतला. भावजी हातात चहाचा कप घेऊन खिडकीशी आले. "वहिनी, हा आता संग्रहालयात द्या. तुमचा डबा जागा होईपर्यंत मी बेळगावात पोचलो असेन." सासूबाई हसल्या. मी काही बोलले नाही. घाट समोरच होता.

पाऊस नव्हता, धुकं होतं. वर चढल्यावर एका धबधब्यापाशी मुलांना फोटो हवे होते म्हणून भावजी थांबले. मला वाटलं येतील मागून, मी पुढं निघाले. नंतर जावेनं सांगितलं ते असं: फोटो काढायचे म्हणून त्यांनी नेव्हिगेशन बंद केलं, बॅटरी वाचेल तेवढीच. फोटो झाल्यावर परत चालू करायला गेले तर रेंज नाही. करड्या कोऱ्या पडद्यावर एक निळा ठिपका तेवढा सरकत होता. ठिपका अगदी बरोबर होता, रस्ताच नव्हता. जांबोटीला एक फाटा बेळगावला जातो, दुसरा खानापूरला. तिथं दुकानं आहेत, माणसं आहेत आणि सगळ्यांना मराठी येतं. जाऊ म्हणाली, "अहो, काच खाली करा, विचारते." भावजींनी काच खाली केली नाही. गाडीत मोबाइल असताना रस्ता विचारणं त्यांना कमीपणाचं वाटतं.

आम्ही इकडे पिरनवाडीला टपरीवर उभे. फोन लागेना. पहिला चहा झाला, दुसरा झाला. सासूबाईंनी आधी देवाचं नाव घेतलं, मग माझं. "तूच पळवलीस गाडी. बरोबर जायचं असतं." नवरा गरगर विसरून रस्त्याच्या कडेला येरझारा घालत होता. शेवटी फोन आला, आवाज अगदी निवांत. "आम्ही खानापूरला आहोत. हा रस्ता मोकळा दिसला म्हणून मुद्दाम घेतला." मागून जावेचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "मुद्दाम?"

कोल्हापुरात रात्री जेवताना विषय निघालाच. भावजींचा मुद्दा असा, की मोबाइलमध्येही त्या भागाचा नकाशा आधी उतरवून ठेवता येतो, मग रेंज नसली तरी चालतं. "त्या दिवशी डाउनलोड करायचं राहिलं, एवढंच." खरं आहे, येतो उतरवून ठेवता. पण माझा सगळा वाद त्या 'एवढंच'वर आहे. सुट्टीला निघताना गॅस बंद केला का, पोरांच्या उलटीच्या गोळ्या घेतल्या का, शेजाऱ्यांना चावी दिली का, यात नकाशा कोणाच्या लक्षात राहतो? डब्यात अख्खा भारत कायमचा आत असतो. त्याला आठवण करून द्यावी लागत नाही, त्यावर कोणाचा फोन येत नाही, आणि फोटो काढायला कोणी तो काढून नेत नाही.

जीपीएसला इंटरनेट लागत नाही, हे अजून पुष्कळांना पटत नाही. निदान चार उपग्रहांचे सिग्नल मिळाले की तुमची जागा निघते आणि ते सिग्नल फुकट असतात. मोबाइलला नेट लागतं ते नकाशा आणायला, नवा रस्ता काढायला आणि उपग्रह पटकन सापडावेत म्हणून. एकदा आणलेली वाट तो रेंज गेली तरी दाखवत राहतो, म्हणून लोकांना वाटतं की आपलं बरोबर चाललंय. वळण चुकलं किंवा अ‍ॅप बंद पडलं की कळतं. खात्री करायची असेल तर फोन विमान मोडवर टाका आणि साखळीहून वाळपईचा रस्ता काढायला सांगा. निघाला तर तुमचा फोन घाटात न्यायच्या लायकीचा.

यात हसण्यासारखं कमी आहे. 2024 च्या डिसेंबरात गोव्याला येणारं बाहेरचं एक कुटुंब मोबाइलच्या नकाशावर विसंबून खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या जंगलात शिरलं आणि रात्रभर गाडीत अडकलं. काही किलोमीटर पायी चालून रेंज मिळाली तेव्हा 112 ला फोन लागला आणि पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. मी ती बातमी भावजींना पाठवली. त्यांनी उत्तरादाखल नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवलं.

तर घ्यायचं काय? वेगळा डबा घेणार असाल तर दुकानदाराला एकच सांगा: सिम नको, वायफाय नको, इथंच चालू करून चंदगडचा रस्ता काढून दाखवा. जो टाळाटाळ करेल त्याच्याकडून घेऊ नका. नकाशा भारताचा आहे का ते बघा. आपल्याकडे निम्म्या घरांत लंडनहून नाहीतर दुबईहून कोणीतरी आणलेला एखादा डबा कपाटात असतो. चांगला असतो, पण आत युरोप नाहीतर आखाताचा नकाशा. भारताचा वेगळा घ्यावा लागतो, आणि तो त्या मॉडेलला मिळतो का हे आधी विचारायचं. नकाशा नवा करायची सोय कुठवर आहे तेही विचारा. पडद्यावर उन्हात दिसतं का हे दुकानाबाहेर नेऊन बघा. आत सगळेच झकास दिसतात.

स्क्रीनवाला स्टिरिओ हा माझ्या मते तुमच्यासाठी मधला मार्ग आहे, पण त्यात एक मेख आहे. स्वस्तातले स्टिरिओ बसवणारे जीपीएसची अँटेना डॅशबोर्डच्या आत कुठंतरी कोंबतात आणि पत्र्याच्या आड गेली की ती आंधळी होते. समोर उभं राहून ती काचेजवळ, डॅशबोर्डच्या वरच्या बाजूला लावून घ्या. आणि तो स्टिरिओ फक्त मोबाइल जोडून नकाशा दाखवणार असेल, तर पडदा मोठा झाला एवढंच. रेंज गेल्यावर मोठ्या पडद्यावर ठिपका दिसेल.

मोबाइलच वापरणार असाल तर मग नीट वापरा. ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड यांसारखं एखादं अ‍ॅप टाकून गोवा, महाराष्ट्र, कर्नाटक तिन्ही आत उतरवून ठेवा, फुकट आहे. नेहमीच्या अ‍ॅपमध्ये दुचाकीचा मोड चुकून लागलेला नाही ना ते बघा. नाहीतर कोणाच्या तरी भाटातून, म्हणजे बागायतीतून, पोफळींच्या मधून गाडी मागं मागं घ्यावी लागते. 'फेरी टाळा' हे बटणही बघून ठेवा. चोडण, दिवाड, तेरेखोल अशा ठिकाणी नकाशा तुम्हाला सरळ धक्क्यावर नेऊन उभा करतो आणि फेरी पलीकडच्या काठाला असते. एप्रिल-मेच्या उन्हात काचेला लावलेला फोन इतका तापतो की चार्जिंग थांबवतो, पडदा मंद करतो. एसीच्या झडपेवर लावा, थंड राहील. हातात धरून तर मुळीच नको. 2020 च्या ऑक्टोबरपासून नियमात स्पष्ट आहे, की गाडी चालवताना फोनचा उपयोग फक्त रस्ता बघायला, आणि तोही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही असा. भावजी या नियमाचा पहिला अर्धा तेवढा सांगतात आणि फोन मांडीवर ठेवतात.

आता डब्याविरुद्ध जे आहे तेही सांगते, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. नकाशा जुना झाला की तो बिनकामाचा नाही, धोक्याचा होतो. जुवारीचा नवा पूल 2022 च्या अखेरीस अर्धा खुला झाला, त्यावरून पहिल्यांदा गेले तेव्हा माझा डबा आम्हाला नदीतून नेत होता आणि शक्य तिथं वळा म्हणत होता. मोपाचा विमानतळ त्याच्या लेखी बरेच दिवस नुसतं पठार होतं. नकाशा नवा केल्यावर दोन्ही आले. रस्ता आज बंद आहे हे त्याला कधीच कळणार नाही. दरड आली, झाड पडलं, पुलाचं काम काढलं, त्याला काही नाही. पण ते मोबाइललाही कळतंच असं नाही. 2024 च्या नोव्हेंबरात उत्तर प्रदेशात बरेलीजवळ नकाशावर विसंबलेली मोटार अर्धवट पुलावरून खाली पडली आणि तिघं गेले. म्हणून पावसात घाट चढायचा असेल तर मी सकाळी केरीला भावाला फोन करते. तुमचा केरीला भाऊ नसेल तर घाटाखालच्या शेवटच्या दुकानात थांबा, पाण्याची बाटली घ्या आणि विचारा.

नावं विचारली आहेत म्हणून: डब्यात गार्मिन, आणि आपल्याकडचे नकाशे म्हणाल तर मॅपमायइंडिया, 1995 पासून तेच काम करते, मोबाइलवर त्यांचंच मॅपल्स आहे. नुसते डबे आता दुकानात फार ठेवत नाहीत, मागवावे लागतात. वर्षातून दोनतीनदाच जाता, तेव्हा महागातला घेऊ नका. बिनसिमचा नकाशा आत असलेला साधा स्टिरिओ घेतलात तरी भागेल. भावजींनीही गेल्या चवथीला नवी गाडी आणली. तिच्यात कंपनीनंच नकाशा बसवून दिलाय, नेट नसलं तरी चालतो. सगळ्यांना बोलावून दाखवला, तेव्हा जाऊ माझ्याकडे बघत होती. संग्रहालयाचं नाव कोणी काढलं नाही.