बांधकाम सुरू असलेलं मोठं स्टेडियम बघायला एका दिवसासाठी जायचंय. विद्यार्थ्याने तिथे नेमकं काय बघावं?

तुम्ही सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला आहात, सगळा वर्ग मिळून जाणार, साइटवर जेमतेम तीन-चार तास मिळणार आणि नंतर अहवाल द्यायचाय, असं तुम्ही लिहिलंय. मीही दुसऱ्या वर्षाला असतानाच अशा सहलीला गेलो होतो. आज मी पोलादी छपरांच्या डिझाइनचं काम करतो, तरीही सांगतो, सगळा वेळ छपराकडे बघण्यात घालवू नका. छप्पर पुढेही कधीही बघता येईल. खुर्च्या बसल्या, पॅनेल लागली, रंग झाला की जे कायमचं झाकलं जाईल ते आत्ता बघून घ्या.

आमच्या सहलीत पहिला अर्धा तास आम्ही माना वर करून टॉवर क्रेनचे फोटो काढत होतो. आम्हाला फिरवणाऱ्या साइट इंजिनिअरनी ते होऊ दिलं. मग त्यांनी आम्हाला वरच्या मजल्यावरच्या स्टँडमध्ये नेलं. अजून एकही खुर्ची नव्हती, नुसत्या काँक्रीटच्या पायऱ्या. तिथे त्यांनी आम्हाला एकामागे एक बसवलं आणि विचारलं, "मैदानाची जवळची कड दिसतेय का, की पुढच्याचं डोकं मध्ये येतंय?" मग हातात टेप दिली आणि खालच्या व वरच्या स्टँडच्या पायऱ्यांची उंची मोजायला लावली. वरच्या पायऱ्या चांगल्याच उंच निघाल्या. का, ते त्यांनी सांगितलं नाही. घरी जाऊन गणित करा म्हणाले. त्या एका गणिताने मला या क्षेत्रात आणलं.

ते गणित तुम्हीही करून बघा. मागच्या प्रेक्षकाच्या डोळ्यापासून मैदानाच्या कडेपर्यंत रेषा काढायची आणि ती पुढच्या प्रेक्षकाच्या डोळ्याच्या किती वरून जाते ते मोजायचं. याला सी व्हॅल्यू म्हणतात. १२० मिलिमीटर मिळाले तर उत्तम, ९० चांगले, आणि ६० ही सहसा किमान मर्यादा धरतात. समजा पुढच्याचा डोळा मैदानाच्या कडेपासून २० मीटर मागे आणि ६ मीटर वर आहे, पायरीची पुढून मागे रुंदी ८० सेंटिमीटर. पायरी ३० सेंटिमीटर उंच असेल तर रेषा फक्त ५८ मिलिमीटर वरून जाते, म्हणजे किमान मर्यादाही गाठली जात नाही. तीच पायरी ४० सेंटिमीटरची केली की १५४ मिलिमीटर मिळतात! दहा सेंटिमीटरवर त्या रांगेतल्या प्रत्येकाची संध्याकाळ अवलंबून असते.

जितकं वर जावं तितकी ही रेषा जास्त तिरकी होते, म्हणून चांगला स्टँड बाजूने बघितला तर सरळ उताराचा नसतो, वर जाताना हळूहळू जास्त चढा होत जातो. पण प्रत्येक पायरी वेगळ्या उंचीची केली तर प्रीकास्टचे, म्हणजे आधीच ओतून तयार करून आणलेल्या काँक्रीटच्या भागांचे, साचेही तितकेच वेगळे लागतील, म्हणून बऱ्याचदा काही रांगांना एकच उंची ठेवून मग पुढच्या गटात ती वाढवतात. टेप घेऊन गेलात तर हे गट तुम्हाला स्वतः शोधता येतील. आणि चढ हवा तितका वाढवता येत नाही. ब्रिटनच्या 'ग्रीन गाइड' या मैदानांच्या सुरक्षेच्या मार्गदर्शक पुस्तिकेत ३४ अंश ही कमाल मर्यादा आहे, कारण त्यापुढे पायऱ्या उतरताना माणसाचा तोल जायची भीती असते.

आता स्टँडच्या खाली जा. तिरक्या बीमवर प्रीकास्ट पायऱ्या कशा टेकवल्यात, त्यांच्यामध्ये रबरी पॅड आहे का, ते बघा. एखाद्या ठिकाणी दोन कॉलम अगदी शेजारीशेजारी आणि मध्ये बोटभर फट दिसेल. ती चूक नव्हे. तिथे स्टेडियम मुद्दाम तोडलेलं असतं. १०० मीटर लांबीचं काँक्रीट ३० अंशांच्या फरकाने साधारण ३ सेंटिमीटर वाढतं किंवा आक्रसतं, त्याला जागा ठेवावी लागते. पुढे ती फट झाकपट्टीखाली जाते.

बाहेर पडायच्या वाटांवर मात्र मनापासून वेळ द्या. रोमच्या कलोसिअमला तळमजल्यावर ८० कमानी होत्या आणि त्यातल्या काहींवरचे आकडे आजही वाचता येतात. गर्दीला वाटांमध्ये विभागायची गरज इतकी जुनी आहे. १९८९ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हिल्सबरो फुटबॉल मैदानावर गर्दीत चिरडून ९७ माणसं गेली. बाहेरची गर्दी आत सोडताना आधीच भरलेल्या भागाकडे जाणारी वाट बंद केली नव्हती. ही गोष्ट डोक्यात ठेवून एखाद्या बोगद्यासारख्या निर्गमनवाटेतून चालून बघा. ती पुढे जाऊन कुठे अरुंद होतेय का? दोन वाटा एकाच जिन्यावर येऊन मिळतायत का? 'ग्रीन गाइड'नुसार नेहमीच्या वेळी स्टँड जास्तीत जास्त ८ मिनिटांत रिकामा व्हायला हवा. तुम्ही बसला होता त्या पायरीपासून बाहेरच्या मोकळ्या जागेपर्यंत किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा, आणि मागे-पुढे हजारो माणसं आहेत असं धरून विचार करा.

छपराबद्दल एकच प्रश्न विचारा. आत्ता त्याचं वजन कोण पेलतंय? पूर्ण झालेलं छप्पर स्वतःला सावरतं, अर्धवट छप्पर तात्पुरत्या टेकूंवर असतं. बीजिंगच्या 'पक्ष्याचं घरटं' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ऑलिंपिक स्टेडियमचे टेकू २००६ मध्ये थोडं थोडं खाली घेत, ठरलेल्या क्रमाने काढले, कारण एकदम काढले असते तर भलत्याच भागावर भार आला असता. तुमच्या साइटवर तो क्रम कसा ठरवलाय ते विचारा. हेही लक्षात घ्या की मोठ्या हलक्या छपराला वारा खालून उचलायला बघतो, त्यामुळे बरेचसे बोल्ट आणि केबल त्याला खाली धरून ठेवायला असतात.

आणखी एक विचारायला विसरू नका, स्पर्धा संपल्यावर याचं काय होणार? लंडनचं २०१२ चं ऑलिंपिक स्टेडियम ८०,००० प्रेक्षकांसाठी होतं, पण त्यातल्या ५५,००० जागा काढून टाकता येतील अशा बांधल्या होत्या. छपराच्या कड्यासाठी दुसऱ्या कामातून उरलेले गॅसचे पाइप वापरले होते. याउलट माँट्रिअलच्या १९७६ च्या ऑलिंपिक स्टेडियमचा तिरका मनोरा स्पर्धा होऊन गेली तरी अपुराच होता.

तयारीचं म्हणाल तर पोलादी टोकाचे बूट आधीच मिळवा. आमच्या गटातल्या दोघांना साध्या बुटांमुळे गेटवरच थांबवलं आणि त्यांचा पूर्ण दिवस तिथेच गेला, याचं मला आजही वाईट वाटतं. क्रेनला लटकलेल्या मालाखालून जाऊ नका, आणि फोटोसाठी मागे मागे सरकू नका, कारण कठडे सगळीकडे लागलेले नसतात.

अहवालात माहितीपत्रकातले आकडे उतरवू नका. तुम्ही मोजलेल्या पायऱ्यांवरून स्टँडचा एक छेद हाताने काढा, त्यात एक डोळा, एक पुढचं डोकं आणि मैदानाची कड दाखवून रेषा ओढा. बाजूला सी व्हॅल्यू लिहा आणि ती कमी आली तर तसंच लिहा. आकड्यांबद्दल काही अडलं तर खाली विचारा, मी गणित तपासून देईन.