गॅलक्सीज एजचे फोटो गर्दीशिवाय कसे काढायचे?

ऑर्लँडोच्या डिस्ने हॉलिवूड स्टुडिओजमध्ये एकच दिवस, सोबत घरची मंडळी, आणि गॅलक्सीज एज या स्टार वॉर्स चित्रपटांच्या धर्तीवर उभारलेल्या भागाचे फोटो माणसांशिवाय हवेत, असं तुम्ही विचारलंय. जमतं. फक्त अख्खा परिसर रिकामा मिळेल ही आशा धरू नका. लेन्सला दिसतो तेवढा तुकडा अर्धा मिनिट मोकळा मिळाला तरी पुरतं.

भरवशाची वेळ पार्क बंद होतानाची. बंद व्हायच्या आधी जो रांगेत शिरला त्याला शक्यतो राइड मिळतेच. म्हणून शेवटच्या दहा मिनिटांत स्मगलर्स रन या राइडच्या रांगेत लागा. बाहेर याल तोवर बरीच गर्दी ओसरलेली असते, दिवे मात्र चालू असतात आणि मिलेनियम फाल्कन हे अंतराळयान समोरच असतं. आधी पूर्ण यानाचा रुंद फोटो घ्या, बारकावे नंतर. थोड्याच वेळात कर्मचारी सगळ्यांना हळूहळू दाराकडे वळवतात. त्यांच्याशी हुज्जत घालू नका, चालता चालता दोन-चार फोटो सहज होतात.

डिस्नेच्या हॉटेलात उतरला असाल तर सकाळी 30 मिनिटं आधी प्रवेश मिळतो. तेव्हा बहुतेक लोक राइज ऑफ द रेझिस्टन्स या राइडकडे धावतात. तुम्ही उलट गॅलक्सीज एजमधल्या बाजाराची गल्ली गाठा. गल्लीत सावली आणि वर उजळ आकाश असल्यामुळे एकाच फोटोत आकाश पांढरं फटक पडतं. दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरकाने तीन फोटो घ्या आणि नंतर जोडा.

ट्रायपॉड पाठीवरच्या साध्या बॅगेत मावणारा आणि उघडल्यावर 6 फुटांच्या आतला हवा. सेल्फी स्टिक तर चालतच नाही. रात्री हातात धरूनच काढायचं तर 24 एमएमची लेन्स, ॲपर्चर एफ 2.8, शटर 1/15 सेकंद, आयएसओ 3200 पासून सुरुवात करा. कोपर कठड्याला टेकवा आणि एकामागून एक पाच फोटो घ्या. त्यातला एखादा तरी स्पष्ट निघतो.

आपल्याकडच्या लोकांची इथे एक हमखास चूक होते. भारतातली वीज 50 हर्ट्झची, अमेरिकेतली 60 ची. कॅमेऱ्यात किंवा व्हिडिओ ॲपमध्ये फ्लिकरची (दिव्यांच्या लुकलुकण्याची) सेटिंग 50 वर राहिली असेल तर बदलून 60 करा. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलं, तर काही दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे येतात. तिथे मेकॅनिकल शटरच वापरा.

दिवसा गर्दी हटत नसेल तर माणसं नंतर पुसता येतात. ट्रायपॉडवर, सगळं मॅन्युअल ठेवून, दहा-दहा सेकंदांनी 15 फोटो घ्या. फोटोशॉपमध्ये ते एका स्टॅकमध्ये आणून स्मार्ट ऑब्जेक्ट करा आणि स्टॅक मोड ‘मीडियन’ ठेवा. मीडियन म्हणजे प्रत्येक ठिकाणची मधली किंमत. म्हणून एखादी जागा निम्म्याहून जास्त फोटोंत मोकळी असेल तरच तिथला माणूस नाहीसा होतो. चालणारे जातात, रांगेत उभे असलेले जात नाहीत. बाजारावर ताणलेली कापडं वाऱ्याने हलली की तीही पुसट होतात. तेवढा भाग एकाच फोटोतून मास्क करून (बाकीचा झाकून) घ्या. एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावून 30 सेकंदांचं एक्स्पोजर देण्यापेक्षा मला हीच रीत पटते, कारण त्या एक्स्पोजरमध्ये थबकलेल्या माणसाची धूसर सावली राहते.

चौकटीतही बरंच निभावतं. कॅमेरा डोक्याच्या वर धरून लोकांना खालच्या कडेबाहेर ठेवा, किंवा खाली बसून एखादा दगड, पिंप पुढे घ्या म्हणजे मागचे पाय झाकले जातात. बटण दाबण्याआधी चारही कडा तपासा: बाबागाडी, मोबाइलचा उजेड, कोपऱ्यातला स्पीकर हमखास तिथेच घुसतात.

आणि भर दुपारी, रुंद फोटो शक्यच नसतात तेव्हा, 85 एमएमची लेन्स लावून भिंतीवरच्या गोळीबाराच्या खुणा आणि ऑरेबेश या स्टार वॉर्समधल्या काल्पनिक लिपीतल्या पाट्या टिपा. जमिनीवर उमटवलेले ड्रॉइडच्या (स्टार वॉर्समधल्या यंत्रमानवांच्या) चाकांचे ठसे मात्र संध्याकाळसाठी राखून ठेवा. डोक्यावरच्या उन्हात ते सपाट दिसतात. ऊन तिरपं पडलं की प्रत्येक खाचेत सावली भरते.